उचकी कोणाची

या, असे जवळ सरकून बसा. मोठ्याने सांगण्याजोगी ही गोष्ट नाही. हिच्यात एक आवाज आहे, आणि तो इतका लहान आहे की लांब बसलेल्याला ऐकूच जायचा नाही. देवाने माणसाला गळा दिला तो गाण्यासाठी, आणि मला वाटतं, गाता गाता कुठेतरी अडावं म्हणूनही दिला. गळा अडतो तिथेच ऐकणारा खऱ्या अर्थाने जागा होतो. अशाच एका अडलेल्या जागेची ही कहाणी. शेवटी तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, पण ते शेवटीच.

तर काय झालं, थोरलीच्या हातातला दात वाकडा बसला. गोष्ट एवढ्याशा वाकड्या दातापासून सुरू होते. थोरली कवळ्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करायची. प्रयोगशाळा हे पाटीवरचं नाव, आत काम करणाऱ्या तिघी तिला कारखानाच म्हणायच्या. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून, आणि त्यांतल्या एकातही आवाज नाही. खिडकीपाशी थोरलीचं टेबल. मेण तापवून त्यात चिमट्याने एकेक दात बसवायचा हे तिचं काम, आणि तोंडाकडे बघितल्याशिवाय माणसाचं हसू कसं असेल हे तिच्या बोटांना कळायचं. त्या सकाळी ती एक सुळा बसवत होती. मेण मऊ झालं होतं, चिमटा स्थिर होता, कोपऱ्यातल्या रेडिओवर ते जुनं गाणं लागलं होतं, चौकडीचं. चार पोरींचा तो गट मोडूनही आता जमाना झाला, पण गाणं चालूच होतं. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आली, ‘दार ओढून घेऊ नकोस, मी येईन’. थोरलीचा हात तिथे नेहमीसारखा थांबला. इतकी वर्षं तो तिथे थांबतच आलेला होता, कारण ‘ये’ आणि ‘ईन’ यांच्या मध्ये गाणारीला एक बारीकशी उचकी लागते, ‘मी ये…ईन’, आणि ती उचकी होऊन जाईपर्यंत हातातलं काम पुढे न्यायचं नाही अशी थोरलीच्या हाताची सवय. पण आज उचकी आलीच नाही. ‘येईन’ हा शब्द गुळगुळीत, तुपातून काढल्यासारखा सरळ निघून गेला. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय पोकळीत पडावा, तसं तिला झालं. सुळा मेणात तिरपा रुतला.

“ऐकलंस?” घासणीच्या फिरत्या चाकावरून पॉलिशवाली ओरडली. “काढली! गाणं परत गायलं आणि उचकी काढून टाकली राणीने!”

आता ही उचकी म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्याला कोणी ओरडतं का. चौकडीतल्या चौघींना त्यांच्या चाहत्यांनीच नावं पाडलेली होती. राणी, खळी, लांबडी आणि घोगरी. गट मोडल्यावर राणी एकटीने गाऊ लागली आणि तिचं नशीब फळफळलं. खळी कुठल्याशा कार्यक्रमात पाहुण्यांना हसवत बसायची, लांबडी लग्न करून परदेशी गेली, आणि घोगरीने एकटीने एकच गाणं काढलं, ते असं आपटलं की तिचे चाहतेसुद्धा ते पुरतं ऐकत नसत. पण चौघींचं ते पहिलं गाणं मात्र कोणी सोडलं नाही, आणि सोडलं नाही ते त्या उचकीपायी. ती ओळ चौघींपैकी कोणी गायली? राणीवाले म्हणायचे राणीने, ती तेव्हा रडत होती. घोगरीवाले म्हणायचे, रडते कसली, ऐका नीट, त्या आवाजात खरखर आहे. फोनवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, जिथे जिथे दोन चाहते भेटले तिथे तिथे ही उचकी निघालीच म्हणून समजा. या कारखान्यात पॉलिशवाली राणीची आणि मेणवाली घोगरीची. मेणाच्या पट्ट्या वितळवणारी ही पोर बोलताना अडखळायची. एखाद्या अक्षरापाशी तिची जीभ थांबायची आणि सगळं वाक्य त्याच्या मागे रांग लावून उभं राहायचं. पॉलिशवाली तोंडाची तिखट, पण मेणवाली अडली की चाकाचं बटण बंद करून गप्प उभी राही, शब्द बाहेर पडेपर्यंत. मग टोमणा मारी.

“त… तिला जमली नाही,” मेणवाली म्हणाली. “परत गायला बसली आणि ज… जमलीच नाही, म्हणून काढली. आपली असती तर ठेवली असती.”

“अगं, ती आता मोठी गायिका झालीये. मोठी माणसं काय भर सभेत उचक्या देत बसतात?”

“मग सगळीकडे नवंच गाणं का टाकलं? जुनं का पुसलं?”

“कंपनीने पुसलं, तिने नाही. फोनमध्ये शोध, जुन्याच्या नावावरही हेच लागतंय.” मग पॉलिशवालीने चष्मा वर सरकवला आणि असं काही म्हणाली जे तिने आजवर कधीच म्हटलं नव्हतं. “जाऊ दे. असेल बाई तुझ्या घोगरीची. आता नाहीच ती, तर भांडायचं कशावरून? घे, मिटलं.”

मेणवाली हसली. दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली. एवढ्या वर्षांचं भांडण असं सहज, चहाच्या कपातला गाळ टाकावा तसं टाकून दिलं गेलं. थोरलीला वाटलं, उठून दोघींच्या झिंज्या धराव्यात आणि सांगावं, भांडा गं, थांबू नका.

कारण ती उचकी राणीची नव्हती आणि घोगरीचीही नव्हती. ती थोरलीच्या धाकट्या बहिणीची होती. धाकटी कच्ची गाणी गायची. गाणं बांधून झालं की मोठ्या गायिकांना चाल समजावी म्हणून ते आधी कोणीतरी गाऊन ठेवावं लागतं. त्याला कच्चं म्हणतात, आणि पक्कं झालं की कच्चं पुसून टाकतात. धाकटी म्हणायची, “मी गाण्याचा साचा आहे, तायडे. तुझ्या प्लास्टरसारखी. कवळी तयार झाली की साचा फोडायचा.” साऱ्या जगाला थोरली ताई होती, फक्त धाकटीची तायडे होती. चौकडीच्या चारही पोरी तिच्या कच्च्यावरून गाणं शिकल्या, सगळ्या ओळी त्यांनी आपापल्या वाटून घेतल्या, पण ती एक ओळ कोणाच्या गळ्यात बसेना. शेवटी संगीतकार वैतागून म्हणाला, कच्च्यातलीच राहू दे, उचकीसकट, कोण विचारतंय. आणि मग सगळं जगच विचारायला लागलं. त्या दिवशी धाकटी घरी आली ती दारातूनच ओरडत, चप्पल एक इकडे एक तिकडे. “तायडे, माझं नाव नाही लागायचं म्हणाले!” थोरलीने काळजीने विचारलं, “मग गं?” तर ही कमरेवर हात ठेवून हसतेय. “नाव नाही लागलं तर नाही लागलं. उचकी लागली ना!” आणि तशीच स्वयंपाकघरात येऊन, ओट्याला टेकून, डोळे बारीक करून तिने विचारलं होतं, “दुपारी माझी आठवण काढलीस ना? खरं सांग. तूच काढली असणार. चांगली गात होते आणि मध्येच लागली.” थोरली म्हणाली, “काढली की. शिव्या घालत होते तुला. गॅसवर दूध ठेवून गेलीस, सगळं उतू गेलं, भांडं जळलं.” धाकटी खूश झाली. “म्हणजे अर्धी तुझी आणि अर्धी माझी. पण सांगू नकोस हां कोणाला. त्या चौघींचं पोट आहे त्याच्यावर.”

जेवणाच्या सुट्टीत थोरली डबा न उघडताच बाहेर पडली. रस्त्यावर माणसं होती, ऊन होतं, नेहमीचंच सगळं. चप्पलच्या दुकानात गाणं लागलं होतं. ती काचेपाशी उभी राहिली आणि ओळ येईपर्यंत थांबली. येईन. सरळ. पुढच्या चौकात रिक्षातून येईन. केस कापायच्या दुकानातून येईन. पूर्वी हेच गाणं तिला असंच कुठेही गाठायचं. धाकटी गेल्यानंतरच्या दिवसांत ती दुकानातून हातातली पिशवी टाकून पळत सुटायची, कारण उचकीने तो शब्द मधोमध तुटायचा आणि तिला ऐकू यायचं ते एवढंच, ‘मी’, आणि मग अगदी कानाशी, ‘ये’. ये म्हणतेय, असं वाटायचं. कुठे ये, ते सांगत नाही, नुसतं ये. गच्चीच्या कठड्यापाशी उभं असताना हे गाणं लागलं तर थोरली दोन पावलं मागे सरायची. पुढे पुढे ती घाबरायची थांबली नाही, पण पळायची थांबली. टेबलाची कड धरायची, ये ऐकायची, मग ईन ऐकायची आणि कड सोडायची. घरात तिने ते गाणं कधी ठेवलं नाही. गावभर वाजणारी गोष्ट घरात कशाला ठेवायची? देवळातल्या घंटेचा आवाज कोणी डब्यात भरून ठेवतं का? ती कुठेही गेली तरी बहीण तिथे आधीच पोचलेली असायची, भाजीच्या रांगेत, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे कवळी पोचवायला गेल्यावर तिथल्या बाकावर. आता एवढ्या मोठ्या गावात त्या उचकीएवढी जागाही कुठे फट म्हणून उरली नव्हती. गाण्याला नवी कवळी बसवली होती, छान, पांढरी, एकसारखी, आणि त्या एका किडक्या दाताची कोणालाच हळहळ नव्हती.

घरी आल्यावर तिने दूध तापत ठेवलं आणि समोर उभी राहिली. आणि मग ती गोष्ट तिच्यासमोर येऊन उभी राहिली जी ती नेहमी बाजूला सारायची. दूध उतू गेलं होतं ते सकाळी. धाकटी गाण्यासाठी घराबाहेर पडली त्याच्या मागोमाग. भांडं घासून झालं, राग निवला, आणि दुपारी थोरली गाढ झोपलेली होती. झोपलेल्या माणसाला आठवण कुठली? धाकटीचा हसरा चेहरा बघून तिने हो म्हणून टाकलं, बस. आई तर केव्हाच गेलेली, वडीलही नाहीत. तिसरं कोणी नव्हतं. मग त्या दुपारी, त्या बंद खोलीत, कानांवर ते मोठे गोळे चढवून गात असलेल्या त्या पोरीची आठवण कोणी काढली? हा प्रश्न तिला त्या वेळी पडला नाही. तो पडला पुढच्या वर्षी, इस्पितळात, धाकटीच्या छातीत पाणी झालं तेव्हा. तिथे तिला खरोखरीच्या उचक्या लागल्या, आणि थांबेचनात. नर्स म्हणाली, श्वास धरून ठेवा थोडा. धाकटी थोरलीकडे बघून पुटपुटली, “श्वास धर म्हणतात, तायडे. धरवला असता तर इथे आले असते का?” बाहेर वॉर्डातल्या पोऱ्याच्या फोनवर ते गाणं लागलं होतं. दोघी ऐकत राहिल्या. आतली उचकी आणि बाहेरची उचकी एकदम आली आणि धाकटीला इतकं हसू आलं की सलाईनची नळी हलली. “बघ. भांडत असतील कुठेतरी. राणीची का घोगरीची. लाखो माणसं एकदम आठवण काढतायत, थांबणार कशी बाई?” मग म्हणाली, “पण तायडे, त्यांना माहीतच नाही आठवण कोणाची काढतायत. तरी पोचते बघ.” आणि थोरलीने मनात ताडलं होतं तेव्हाच, की ही माणसं भांडतायत तोवर हिला कुठे ना कुठे उचकी लागत राहणार. म्हणजे ही असणार. ती गेली त्यानंतरही थोरलीचा हा हिशेब मोडला नाही. चाहते भांडत होते, तर उचकी पोचत होती. दूध वर आलं. तिने गॅस बंद केला. आज टाळी देऊन भांडण मिटलं, आता तिकडे धाकटी नुसतीच बसून असेल, हात मांडीवर ठेवून, उचकीची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात इतकी शांतता होती की प्लास्टर वाळताना ऐकू यावं. पॉलिशवाली लग्नाच्या साड्यांबद्दल काहीतरी बोलली, मेणवालीने मान डोलावली. रेडिओवर गाणं आलं, ओळ आली, गेली, कोणी मान वर केली नाही. थोरलीने चिमटा खाली ठेवला.

“ती उचकी राणीची नव्हती,” ती म्हणाली. “आणि घोगरीचीही नव्हती.”

दोघींनी वळून पाहिलं. ताई या भांडणात कधीच तोंड उघडत नसत.

“अगं बाई! मग कोणाची, ताई?” पॉलिशवालीचे डोळे चमकले. “खळीची म्हणू नका हां, तिला शिंक तरी सुरात येते का?”

“माझ्या बहिणीची.”

मग पॉलिशवाली असे दात काढून हसली की फळीवरचे जबडेही तिच्यात सामील झाल्यासारखे वाटले. “आणि मागचा ढोल माझ्या मामाने वाजवला! ताई, तुम्ही पण ना. एवढी वर्षं गप्प, आणि काढलं तर हे!”

थोरली हसली नाही. तिचं लक्ष मेणवालीकडे होतं. मेणवालीही हसत नव्हती. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ते पहिल्याच अक्षरापाशी अडलं होतं. पॉलिशवालीने हसू आवरलं आणि सवयीने चाक बंद केलं. दोघी थांबल्या.

“म… मी तिला भेटलेय,” मेणवाली म्हणाली. “घोगरीला. एका दुकानाच्या उद्घाटनाला आली होती. आता तेवढंच काम मिळतं तिला. मी विचारलं, ती उचकी तुमचीच ना? मला बो… बोलता येत नव्हतं धड, लोक मागून ढकलत होते. तिने माझं पुरतं ऐकून घेतलं. मग माझा हात असा दाबला आणि हसली. शाळेत मला सगळे वेडावायचे, ताई. आणि हिच्या गाण्यात ही अडते, आणि लोक तेवढंच ऐकायला पुन्हा पुन्हा लावतात. घरी जाऊन मी आईला म्हटलं, बघ, अडलं तरी ग… गाणं होतं.” तिने मेणाची पट्टी हातात उगाच वाकवली. “तिचंच आहे ना ते, ताई?”

थोरलीच्या तोंडात सगळं तयार होतं. कच्चं म्हणजे काय, संगीतकार काय म्हणाला, दूध, इस्पितळ, नळी. एकेक दात बसवावा तसं तिने ते सांगितलं असतं आणि पोरीने ऐकलंही असतं. पण मग घोगरीचं ते हसू खोटं झालं असतं, दाबलेला हात खोटा झाला असता, आणि जिचं एकटीचं एकच गाणं आपटलं त्या बाईजवळ एवढीच एक उचकी होती, तीही दुसऱ्याच कोणाची तरी निघाली असती. त्या चौघींचं पोट आहे त्याच्यावर, असं धाकटी म्हणाली होती. तिला काय माहीत, कोणाकोणाचं काय काय आहे त्याच्यावर. नाव नाही लागलं तर नाही लागलं.

“थट्टा केली गं,” थोरली म्हणाली. आवाज जरा घोगराच निघाला. “मला कुठली गाणारी बहीण. पण मला विचारशील तर घोगरीचीच ती. राणीला कुठली लागायला अशी उचकी? तिची आठवण काढणारे तिच्या घरचे तरी आहेत का?”

“ताई!” पॉलिशवाली जागेवरून उडालीच. “तुम्ही पण तिकडे? हे बरं आहे, दोघी मिळून एकीवर! राणी तेव्हा रडत होती, साऱ्या दुनियेला ठाऊक आहे!”

“र… रडत होती तर नाक का नाही वाजलं?”

“नाक? नाकाचं तू बोलूच नकोस! तुझी घोगरी गाते का खाकरते तेच कळत नाही! थांब, माझ्या भावाकडे जुनी तबकडी आहे, कंपनी ती काय घरात शिरून पुसणार आहे? उद्या आणते. कानाला लावून ऐकवते दोघींना, आणि मग बोला!”

“आण! आणच!”

चाक घुरघुरलं, मेण तडतडलं, आणि दोघींचं असं जुंपलं की शेजारच्या शिंप्याने दारातून डोकावून विचारलं, काय झालं. थोरलीने चिमटा उचलला. कालचा तो तिरपा सुळा अजून तसाच होता. मेण मऊ करून तो सरळ करावा म्हणून तिने दिवा जवळ ओढला, आणि मग का कोण जाणे, राहू दिला. थोडासाच तिरपा होता. ज्या तोंडात जाईल तिथे हसताना तेवढाच ओळखीचा दिसेल, असं तिला वाटलं.

पॉलिशवालीने सांगितल्याप्रमाणे तबकडी आणली, कागदात गुंडाळून, एका कडेला चरा पडलेली. ती वाजवायचं भावाचं जुनं यंत्रही आणलं. तिघी जबड्यांच्या फळीखाली डोकी जुळवून बसल्या. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. मेणवालीने श्वास धरला, पॉलिशवालीने बोट वर केलं, आता बघा, आता. ‘दार ओढून घेऊ नकोस, मी ये’, आणि तिथे तो बारीकसा धक्का, जिवंत, कोवळा, आत्ताच लागल्यासारखा, आणि मग ‘ईन’.

“खरखर!” मेणवाली ओरडली. “रडणं!” पॉलिशवाली ओरडली, आणि दोघी एकमेकींकडे वळल्या. थोरली टेबलाची कड धरून होती. त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ओठ न हलवता ती म्हणाली, “येते गं. थांब जरा. एवढी कवळी पुरी करून येते.”

झालं, एवढीच गोष्ट. आता माझं मागणं. त्या दुपारी बंद खोलीत त्या पोरीची आठवण कोणी काढली, हे थोरलीला आजही कळलेलं नाही, आणि ती आता शोधतही नाही. पण मी आपला विचार करत बसतो. आठवण काय घड्याळ बघून निघते? आज काढलेली मागेही जाऊन पोचत असेल, देवाघरी पुढचं-मागचं असं काही नसावं. तेव्हा उठून जाण्याआधी, इतकं जवळ बसून तुम्ही ऐकलंतच तर, जिचं नाव कुठेही लागलं नाही त्या धाकटीची एकदा आठवण काढा. मनापासून काढा. ती तिथे गात उभी आहे, ओळ जवळ आली आहे, आणि अजून कोणी आठवण काढलेली नाही.